रोजचे अडीचशे

आमच्या कामात एक शब्द आहे, जो मी घरी वापरत नाही : अपेक्षित मृत्यू.

मुंबईत साध्यासुध्या वर्षात नव्वद हजारांच्या आसपास मृत्यू नोंदले जातात. २०१९ साली ते ९१ हजारांच्या थोडे वर होते. वर्षाच्या दिवसांनी भागलं की रोजचे अडीचशे. साथ नाही, पूर नाही, मोठा अपघात नाही, तरी हे शहर रोज अडीचशे माणसं पोचवतं. हेच आमचे अपेक्षित. सासूबाईंनी एकदा माझ्या खांद्यावरून लॅपटॉपमध्ये पाहिलं आणि विचारलं, "अपेक्षित म्हणजे काय गं? अपेक्षा कोण करतंय?" त्या वर्षी सासरे नुकतेच गेले होते. तेव्हापासून मी तो शब्द ऑफिसातच ठेवून येते.

मी संख्याशास्त्र शिकले आणि योगायोगाने जन्म-मृत्यू नोंदणीच्या आकड्यांवर आले, त्याला आता वीसहून जास्त वर्षं झाली. एका विभागातले मृत्यू दर महिन्याला वय, लिंग, कारण, ठिकाण अशा रकान्यांत मांडायचे आणि वर पाठवायचे, हे माझं काम. ते वाचतं कोण, असा प्रश्न पहिल्या काही वर्षांत पडायचा. पुढे पुढे पडेनासा झाला. नोंदणीच्या खिडकीवर आमचे एक जुने कारकून बसत, त्यांना सगळे काका म्हणत. त्यांचा एकच आग्रह असे : नाव चुकलं तर माणसं परत येऊन दुरुस्त करून घेतात, तारीख चुकली तर कुणीच येत नाही, म्हणून तारीख दोनदा वाचायची. हा आग्रह किती मोलाचा होता, ते मला २०२० साली कळलं.

मुंबईतला, आणि राज्यातलाही, कोरोनाचा पहिला मृत्यू १७ मार्च २०२०ला कस्तुरबा रुग्णालयात झाला. ६४ वर्षांचे गृहस्थ. महिनाअखेरीला मी इटलीतल्या नेम्ब्रो या छोट्या गावाबद्दल वाचलं. बेर्गामोजवळचं हे गाव. एरवी वर्षाच्या सुरुवातीच्या त्या काळात तिथे साधारण ३५ माणसं जात, त्या वर्षी १५८ गेली होती. सरकारी यादीत कोरोनाचे म्हणून होते फक्त ३१. गावच्या महापौरांनी आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने काय केलं, तर नगरपालिकेचं मृत्यूचं रजिस्टर उघडून मागच्या वर्षांशी ताडून पाहिलं. तपासणीचे संच नाहीत, प्रयोगशाळा नाही, फक्त रजिस्टर. ते वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. असं रजिस्टर माझ्या टेबलावर रोज असतं.

मग मीही तेच करायला घेतलं. आधीची पाच वर्षं, २०१५ ते २०१९, आठवड्याआठवड्याने मांडली, सरासरी काढली आणि शेजारी २०२० ठेवलं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पहिलं कोष्टक तयार झालं, त्यात आमच्या विभागातला एप्रिल नेहमीपेक्षा कमी दिसत होता. रस्ते रिकामे, कारखाने बंद, हवा स्वच्छ, तेव्हा मृत्यू कमी झाले असतील, असं मला खरंच वाटलं. शेरा लिहून मी कागद काकांना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, ही तारीख कुठली धरलीत? माणूस गेला ती, की आपण लिहिलं ती?"

मी नोंदीची तारीख धरली होती. महिन्याचा तक्ता आम्ही नेहमी तसाच करायचो आणि एरवी त्याने काही बिघडत नसे. या महिन्यातले जेवढे मृत्यू पुढच्या महिन्यात लिहिले जातात, साधारण तेवढेच मागच्या महिन्यातले या महिन्यात येऊन पडतात, हिशेब जुळून जातो. कायद्याने एकवीस दिवस मिळतात. माणसं दिवस-तेरावं उरकून येतात, कुणी गावाहून परतल्यावर येतं. एप्रिल २०२०मध्ये मात्र घराबाहेर पडायचीच सोय नव्हती. खिडकी जेमतेम उघडी, अर्धे कर्मचारी हजर, तेही बेस्टच्या बसने कुठून कुठून येणारे. मृत्यू झाले होते, ते आमच्यापर्यंत चालत आले नव्हते.

मी तो शेरा फाडून टाकला आणि सगळं पुन्हा मृत्यूच्या तारखेने लावलं. मग एक वेगळीच गोष्ट सुरू झाली. दर सोमवारी फाइल उघडली की मागचा एप्रिल वाढलेला असे. संपलेला महिना मागे राहून फुगत होता. साथीत चालू आठवड्याचा आकडा कधीच खरा नसतो, तो भरायला दीड-दोन महिने लागतात. तो किती भरेल याचा अंदाज आधीच्या वर्षांतल्या उशिरावरून बांधता येतो, पण उशीरच बदलला असेल तर तो अंदाजही लंगडा. वरून रोज फोन येत, "आजचं काय?" आजचं सांगता येत नाही, असं म्हणण्याचं धैर्य मला हळूहळू आलं.

मे महिना भरत आला तसं खरं चित्र दिसू लागलं. पुढे शहराचे आकडे जाहीर झाले तेव्हा त्या मे महिन्यातले मृत्यू नेहमीच्या मेच्या जवळपास दुप्पट होते. पण मला मे आठवतो तो वेगळ्या कारणाने.

दुबार नोंदी काढून टाकणं हे आमचं नेहमीचं काम. एकच मृत्यू रुग्णालयाकडून येतो, कधी स्मशानभूमीच्या नोंदीतूनही येतो, नावाच्या स्पेलिंगमध्ये फरक पडतो आणि माणूस दोनदा मोजला जातो. त्यासाठी मी एक चाळणी लावलेली असते : आडनाव एक, पत्ता एक, तारखांत थोडंच अंतर, असं दिसलं की संगणक ती ओळ पिवळी करतो. वर्षानुवर्षं त्या पिवळ्या ओळींपैकी बहुतेक खरोखरच दुबार निघत, म्हणून मी फारसं न बघता एक ठेवून एक काढत असे. त्या दिवशी पहिल्याच पानावर इतकं पिवळं होतं की हात थांबला. वयं पाहिली. एक ७१, एक ६६. एक पुरुष, एक स्त्री. अंतर सहा दिवस. खालची जोडी : ५८ आणि ८३, बाप आणि मुलगा असावेत, अंतर चार दिवस. तिसरी जोडी नवरा-बायकोची, दोघं एकाच दिवशी.

आधी किती जणांना मी दुबार समजून काढून टाकलं असेल, या विचाराने पोटात गोळा आला. जुनी प्रत शोधली, मार्चपासूनची प्रत्येक पिवळी ओळ पुन्हा वाचली आणि जी माणसं पुसली होती ती एकेक करून परत आणली. रात्रीचे साडेनऊ झाले. शिपाई भाऊ दिवे मालवायला आले, माझ्याकडे बघून काही न बोलता परत गेले. त्या चाळणीत मी तेव्हापासून वय आणि लिंग घातलं आहे. नियम म्हणून ते आधीच असायला हवं होतं. पण एका घरातली दोन माणसं आठवडाभरात जाणं इतकं विरळ होतं, की ती चूक इतकी वर्षं चूक म्हणून पुढे आलीच नव्हती.

जूनमध्ये आमच्या आलेखात एक खड्डा पडला. वर चढलेली रेघ एकदम खाली, तीन आठवडे तळाशी, मग पुन्हा वर. बैठकीत कुणीतरी म्हणालं, इथे साथ आटोक्यात आली. मला कारण माहीत होतं. काका आजारी होते. तेवीस दिवस ते घरी आणि मग विलगीकरण केंद्रात होते, त्यांच्या जागी बसवलेल्या मुलाला जुन्या नोंदींची पद्धत ठाऊक नव्हती, कागदांचा गठ्ठा तसाच पडून होता. काका बरे होऊन आले, हाडं निघाली होती, पण आल्याबरोबर गठ्ठा सोडला आणि दहा दिवसांत तो खड्डा बुजवला. मृत्यूची तारीख प्रत्येक कागदावर दोनदा वाचून.

या खड्ड्याची आठवण मला पुढे १९१८च्या साथीवर वाचताना झाली. लॉकडाऊनच्या रात्री मी जुने अहवाल वाचायची सवय लावून घेतली होती, झोप येत नसे म्हणून. ६ ऑक्टोबर १९१८ला मुंबईत एका दिवसात ७६८ मृत्यू झाले होते. तेव्हाच्या हिंदुस्थानचे आरोग्य आयुक्त नॉर्मन व्हाइट यांनी लगेच पुढच्या वर्षी हिशेब केला. इन्फ्लुएन्झा म्हणून किती लिहिले ते बघण्यात अर्थच नव्हता, कारण गावोगाव मृत्यूचं कारण 'ताप' एवढंच लिहिलं जाई. म्हणून त्यांनी आधीच्या वर्षांच्या सरासरीवर किती मृत्यू झाले ते मोजलं आणि देशात सुमारे ६० लाख माणसं गेली असं मांडलं. पुढे १९५१मध्ये किंग्जली डेव्हिस यांनी जनगणनेच्या आकड्यांवरून तो अंदाज एक कोटी ऐंशी लाखांच्या पुढे नेला. २०१२मधल्या एका अभ्यासाने तो एक कोटी ३९ लाखांवर आणला. साठ लाख आणि हे कोटींतले आकडे यांतलं अंतर कुठून आलं? एक मोठं कारण असं, की गावात मृत्यू लिहून ठेवणारी माणसंच आजारी पडली, काही मेली. जिथे साथ सर्वांत भयंकर होती, तिथलीच वही कोरी राहिली. आमच्या विभागात असा कोरेपणा तीन आठवडे होता, आणि तो भरून काढणारा माणूस सुदैवाने जिवंत होता.

ही पद्धत काही नवी नाही. लंडनमध्ये विल्यम फार यांनी १८४७च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत हेच केलं : साप्ताहिक मृत्यूंचा आकडा नेहमीच्या आकड्याशी लावून पाहिला आणि इन्फ्लुएन्झाच्या नावावर लिहिलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त माणसं त्या साथीने नेली हे दाखवलं. मुंबईला ती वापरावी लागली प्लेगमध्ये. सप्टेंबर १८९६मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी मांडवीत प्लेग ओळखला. त्यानंतर घरझडत्या, सक्तीची रुग्णालयं, सामान जाळणं. लोकांनी प्लेग लपवला. गाठ आलेला माणूस साध्या तापाने गेला असं सांगितलं जाई. पण मेलेला माणूस लपवता येत नाही, त्याला पोचवावंच लागतं. म्हणून एकूण मृत्यूंचा आकडा फुगत गेला, आणि प्लेगच्या नावावर लिहिलेले आणि नेहमीपेक्षा जास्त झालेले यांतलं अंतर पालिकेच्या तेव्हाच्या अहवालांतच मांडलेलं सापडतं.

त्याच अहवालांत आणखी एक अडचण आहे, जी वाचून मी दचकले. १८९७च्या आरंभी जवळपास निम्मं शहर पळून गेलं होतं. मग उरलेल्या शहराला 'नेहमीचे' मृत्यू किती धरायचे?

मे २०२०मध्ये माझा मामा असाच गेला. लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं राहिला, गिरणी बंद पडल्यावर एका सोसायटीत वॉचमन झाला. चाळीत रुग्ण निघू लागले तसं मामी म्हणाली, गावाला जाऊया. पास काढला, एका गाडीत सहा जण बसून सिंधुदुर्गात पोचले. गावच्या शाळेत चौदा दिवस विलगीकरण. मामा पाचवीच्या वर्गात, बाकं बाजूला सारून अंथरलेल्या सतरंजीवर. फोनवर म्हणाला, "भिंतीवर भारताचा नकाशा आहे गो, पडून बघत असतंय." नवव्या दिवशी पहाटे छातीत दुखलं, तालुक्याला नेईपर्यंत संपलं. नमुना घेतला की नाही, हे शेवटपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. ग्रामसेवकाने नोंद केली, कायमचा पत्ता गावचा, मृत्यूचं ठिकाण गाव.

मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवला जातो. मुंबईत चाळीस वर्षं राहिलेला मामा मुंबईच्या रजिस्टरात नाही. एवढंच नाही. माझं 'अपेक्षित' काढताना मी असं धरलं होतं, की एरवी इथे असतात तेवढी माणसं इथेच आहेत. एप्रिल-मेमध्ये लाखो माणसं शहर सोडून गेली, कुणी पायी, कुणी श्रमिक गाड्यांनी, कुणी मामासारखी. शहरात उरलेल्यांसाठी अपेक्षित आकडा त्यामुळे कमी व्हायला हवा होता. तो मी कमी केला नव्हता, म्हणजे माझा 'जादा' आकडा खऱ्यापेक्षा लहान होता. मामाच्या जाण्याने माझ्या कोष्टकात एकाचीही भर पडली नाही. त्याच्या नसण्याने उलट एक वजा झाला. हे मी आईला समजावून सांगितलं नाही.

वजाबाक्या आणखीही होत्या. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी अडीच-तीन हजार माणसं मरतात, रूळ ओलांडताना, गर्दीच्या डब्यातून पडून. २०१९मध्ये २,६०० हून अधिक गेली. २२ मार्च २०२०च्या रात्रीपासून लोकल बंद झाली, जूनच्या मध्यापासून अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती सुरू झाली, आणि त्या वर्षीचे रेल्वेमृत्यू ११०० च्या आसपास राहिले. दीड हजार माणसं, जी एरवी गेली असती, ती वाचली. चांगलीच गोष्ट. पण एकूण आकड्यात ती दीड हजार वाचलेली माणसं साथीने नेलेल्या दीड हजारांना झाकून टाकतात. शिवाय ठाणे, पालघर, रायगडहून, पार विदर्भातूनही माणसं उपचारासाठी मुंबईत येतात, त्यांतली काही इथे दगावतात आणि इथेच नोंदली जातात. त्या उन्हाळ्यात ती येऊच शकली नाहीत. त्यांचे मृत्यू कमी झाले नाहीत, आपापल्या गावी झाले. तेव्हा शहरात जादा दिसणारा आकडा म्हणजे या सगळ्या वजाबाक्या होऊनही उरलेली शिल्लक. मी बैठकीत हे सांगायचे तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटे, मी आकडा वाढवून सांगते आहे.

वर्ष संपलं तेव्हा मुंबईच्या २०२०च्या नोंदी एक लाख अकरा हजारांच्या पुढे गेल्या होत्या. आदल्या वर्षापेक्षा वीस हजारांहून जास्त. कोरोनाच्या यादीत होते सुमारे अकरा हजार. जूनमध्ये एकदा जुन्या नोंदी ताडून राज्याच्या यादीत एका दिवसात १,३२८ मृत्यूंची भर पडली होती, त्यांत मुंबईचे ८६२. तरीही नऊएक हजारांचा फरक उरला. त्या दिवसांत एका पत्रकार मुलीने फोनवर मला सरळ विचारलं, "मॅडम, म्हणजे नऊ हजार लपवले ना?" मी नाही म्हटलं, आणि ते कुणाला वाचवण्यासाठी म्हटलं नव्हतं. न्यूयॉर्कने ११ मार्च ते २ मे या काळातले आपले २४,१७२ जादा मृत्यू वेगळे करून दाखवले होते : १३,८३१ तपासणीत सिद्ध झालेले, ५,०४८ दाखल्यावर कोरोना लिहिलेले पण तपासणी न झालेले, आणि ५,२९३ ज्यांचं काहीच ठरत नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकात पाच हजारांचं कारण ठरत नव्हतं. आमच्या नऊ हजारांत तपासणीअभावी राहून गेलेला कोरोना नक्की होता. जुलै २०२०मध्ये तीन विभागांत रक्तातली प्रतिपिंडं तपासली, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला निघाला, बाहेरच्या वस्तीत १६ टक्के. तपासणीच्या यादीत इतका संसर्ग कधीच दिसला नव्हता. पण डायलिसिस चुकलेले, क्षयाची औषधं संपलेले, छातीत दुखूनही रुग्णालयाच्या भीतीने घरी थांबलेले, हेही त्या नऊ हजारांत होते. ते साथीचेच. विषाणूचे नसले तरी साथीचे.

दुसऱ्या लाटेबद्दल मी फार लिहीत नाही. काम तेच होतं, वेग जास्त होता. मी शिकले होते, चाळणी दुरुस्त होती, काका लस घेऊन खिडकीवर होते.

खरी परीक्षा २०२१च्या शेवटी आली. सर्वोच्च न्यायालयाने ३० जूनला निकाल दिला, सप्टेंबरमध्ये कोरोना-मृत्यूचं प्रमाणपत्र देण्याचे नियम आले, वारसांना पन्नास हजार रुपये ठरले. खिडकीवर रांग लागली. लोक मृत्यूचा दाखला घेऊन येत आणि विचारत, यात कारण कुठे आहे? कारण त्यात नसतंच. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे दाखल्यावर मृत्यूचं कारण छापायचं नसतं, ते नोंदीच्या आतल्या भागात राहतं. हे एकदा सांगायला सोपं, दिवसातून साठ वेळा सांगायला अवघड.

एके दुपारी एक बाई आल्या. चाळिशीच्या आतल्या, हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. नवरा मे २०२०मध्ये घरीच वारला होता. तीन दिवस ताप, मग धाप. तपासणी झाली नव्हती. जवळच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं कारण होतं हृदयक्रिया बंद पडणे. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं, ते कारण नव्हे, हे आम्ही डॉक्टरांना प्रशिक्षणात सांगतो. पण त्या मे महिन्यात दवाखाना उघडा ठेवणाऱ्या माणसाने घाईत काय लिहिलं याबद्दल मी त्याला बोल लावू शकत नाही. त्यांचा अर्ज बसत नव्हता. अहवाल नाही, रुग्णालय नाही, कारणाच्या रकान्यात कोरोना नाही. असे अर्ज तपासणाऱ्या समितीकडे जायचा रस्ता होता, तो सांगितला, अर्ज लिहून दिला, आशा फार नव्हती.

त्या उठता उठता थांबल्या. काकांनी त्यांना आधी सांगितलं होतं म्हणे, की या मॅडम जास्तीचे मृत्यू मोजतात. त्यांनी विचारलं, "मग त्या तुमच्या जास्तीच्यात माझा माणूस आहे ना?"

मी आहे म्हटलं.

"मग तेवढं लिहून द्या."

हे मला देता येत नव्हतं. जादा मृत्यू म्हणजे दोन बेरजांमधला फरक. एका बाजूला त्या आठवड्यात गेलेली सगळी माणसं, दुसऱ्या बाजूला एरवी गेली असती तेवढी. फरक खरा आहे, जगातल्या कुठल्याही यादीपेक्षा खरा आहे, पण त्यातल्या एकाही माणसाकडे बोट दाखवून हा जादा, असं म्हणता येत नाही. तपासणी न झालेला, कारण चुकीचं लिहिलेला, यादीत कुठेच न आलेला त्यांचा नवरा मोजला गेला तो फक्त माझ्या आकड्यात, आणि माझा आकडा हा एकच असा, जो त्यांना कुठे दाखवता येत नाही. मी त्यांना हे माझ्या परीने सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. नोंदणी क्रमांक आणि तारीख एका चिठ्ठीवर मागून घेतली, ती पिशवीत ठेवली आणि गेल्या. समितीचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२मध्ये दोन वर्षांचा अंदाज दिला : जगात सुमारे एक कोटी ४९ लाख जादा मृत्यू, त्यांत भारताचे ४७ लाख. सरकारी यादी ४ लाख ८१ हजारांची. भारताने त्या गणिती पद्धतीला जोरदार हरकत घेतली. टीव्हीवर बरंच भांडण झालं. मला त्यात एकच गोष्ट सारखी दिसत होती : भांडण अंदाजाचं होतं, कारण मोजणी हातात नव्हती. देशाच्या २०२१च्या नोंदणीचा अहवाल मे २०२५मध्ये आला. एक कोटी दोन लाख मृत्यू. २०२०मध्ये ते ८१ लाख होते, २०१९मध्ये ७६ लाख. या वाढीत नोंदणी सुधारल्याचाही काही भाग आहे, तो सोडवून पाहावा लागतो. पण जिथे सगळे मृत्यू लिहिले जातात, तिथे हा वादच लहान होतो. मुंबईत तो लहान होता. तो लहान राहिला ते २०१५ ते २०१९ या पाच वर्षांमुळे, ज्यांत काहीच घडलं नव्हतं आणि तरी काकांसारखी माणसं तारीख दोनदा वाचत होती. साथीचं माप साथीच्या आधीच तयार झालेलं असतं. मी आधी वीस वर्षं पाठवलेले ते कुणी न वाचलेले तक्ते, ते हे होते.

काका २०२३ला निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे, संगणकावर हात चांगला. गेल्या वर्षी तिने नवी सरासरी काढून आणली. मागची पाच वर्षं आपोआप घेणारा आमचा जुना साचा तिने जसाच्या तसा चालवला होता. २०२० आणि २०२१ त्यात आले होते. अपेक्षित आकडा छान वर गेला होता, आणि चालू वर्ष त्याच्या खाली, अगदी निरोगी दिसत होतं.

मी तिला शेजारी बसवलं. म्हटलं, ही दोन वर्षं सरासरीत धरायची नाहीत. ती म्हणाली, "पण मॅडम, मृत्यू तर झालेत ना? नोंदी पक्क्या आहेत, मी तपासल्या." नोंदी पक्क्याच होत्या. तिला समजावताना मला शब्द सापडेना, मग मी पिवळ्या ओळींची जुनी फाइल उघडून दाखवली. ७१ आणि ६६, सहा दिवस. ५८ आणि ८३, चार दिवस. तिने पानं खाली सरकवत नेली, बोलली नाही. मग म्हणाली, "हे अपेक्षित कसे धरायचे."

आम्ही सूत्र बदललं. २०२० आणि २०२१ वगळून आधीची आणि नंतरची वर्षं घेतली, रकान्यावर कारण लिहिलं, म्हणजे आम्ही नसलो तरी पुढच्याला कळेल. तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी आलं. वडील काल रात्री गेले होते, वय ८४, घरीच, झोपेत. आमच्या नव्या मुलीने नमुना पुढे ओढला, तारीख लिहिली, आणि त्या माणसाला विचारलं, "रात्री बाराच्या आधी की नंतर?"